बर्फाचा प्रश्न कुणी विचारला

बायकोच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि आमच्या कॅनडातल्या, कनाटा उपनगरातल्या घरात इंग्रज उमराव, त्यांच्या घोडागाड्या आणि त्यांच्या खाष्ट आत्या राहायला आल्या. तशा त्या आधीपासून होत्याच, पण बेसमेंटमध्ये. तिथे एका अख्ख्या शेल्फवर हिच्या इंग्रजी प्रेमकथा आहेत, लायब्ररीच्या जुन्या पुस्तकांच्या विक्रीतून आणलेल्या. प्रत्येकीच्या कव्हरवर शर्टाची बटणं न लावलेला एक पुरुष आणि भलतीकडेच बघणारी एक बाई. मी त्यांना ‘तुझे राजेरजवाडे’ म्हणायचो. त्यातलं एकही पुस्तक मी कधी उघडलं नव्हतं.

दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनला अवकाश होता. तोवर एक डोळा नवा, एक जुना आणि चष्मा कुठल्याच कामाचा नाही. अक्षरं पोहतात, म्हणाली. व्हँकुव्हरला असलेल्या आमच्या मुलीने फोनवर ऑडिओबुक लावून दिलं, तर वाचणाऱ्या बाईच्या गोड आवाजाने ही लगेच घोरायला लागली. शेवटी एका दुपारी न वाचलेलं एक पुस्तक माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, “तुम्हीच वाचा. आणि मराठीत सांगा. तुमचं इंग्रजी ऐकलं की मीटिंगला बसल्यासारखं वाटतं.”

मी आयुष्यभर टेलिफोनच्या धंद्यात टेस्टिंग केलं. दुसऱ्याने बनवलेल्या वस्तूत कुठे काय बिघडतं ते शोधायचं, हे माझं काम. रिटायर झालो तरी खोड गेली नाही. त्यामुळे चहाचा कप शेजारी ठेवून मी कादंबरी उघडली ती चुका काढण्याच्या तयारीनेच.

काळ दोनशे वर्षांपूर्वीचा. इंग्लंडचा राजा भ्रमिष्ट झालेला आणि त्याचा मुलगा त्याच्या जागी कारभार बघणारा. या काळाची हिला खडान्‌खडा माहिती. कुणाच्या आधी कोण जेवणघरात जातं, कुणाच्या घरी कुणी कार्ड पाठवायचं, सगळं पाठ.

“म्हणजे आपल्याकडे पेशवाई बुडत होती तेव्हा हे लोक नाचत होते,” मी म्हणालो.

“बुडवणारेही त्यांचेच होते,” ती म्हणाली. “वाचा पुढे.”

गोष्ट अशी. एक उमराव आहे. लढाईत पाय दुखावलाय, म्हणून लंगडतो आणि चिडचिड करतो. भाऊ वारलाय आणि भावाच्या दोन लहान मुली याच्या पदरात पडल्यात. त्यांना सांभाळायला घरात बाई हवी. तिकडे एका खेड्यातल्या पाद्र्याची मुलगी आहे. वडील गेले, राहतं घर सोडावं लागणार, तिला डोक्यावर छप्पर हवंय. दोघं भेटतात आणि पुस्तकांनी भरलेल्या एका खोलीत उभ्या उभ्या अटी ठरवतात. तो म्हणतो, माझ्याकडून प्रेमाची अपेक्षा ठेवू नका. ती म्हणते, माझ्या खोलीची किल्ली माझ्याकडे राहील. झालं, पुढच्या रविवारी लग्न.

“याला सोयीचं लग्न म्हणतात,” बायकोने मला समजावलं.

“आपल्याकडे याला नुसतं लग्न म्हणतात,” मी म्हणालो. “आणि लग्न सुरुवातीलाच झालं, मग बाकीचं एवढं जाडजूड पुस्तक कशाला?”

“प्रेम कुठल्या पानावर होतं ते बघायला.”

मला हे उत्तर आवडलं. बिघाड कुठे झाला ते शोधायचं, तसंच हे. त्या दिवसापासून जेवण झालं, भांडी सिंकमध्ये पडली, की मी वाचायला बसायचो. भांड्यांचंही सांगून टाकतो. डॉक्टरांनी हिला वाकायला बंदी केली होती, त्यामुळे डिशवॉशर भरणं बंद. मी स्वयंपाकघरात जातो तो फ्रिजपर्यंत. आमच्या घरात आईने पुरुषांना ताट उचलू दिलं नाही आणि मीही कधी हट्ट केला नाही. मी आपल्या कागदी बशा आणून ठेवल्या. मुलगी फोनवर म्हणाली, “बाबा, सीरियसली? पेपर प्लेट्स? जस्ट वॉश द डिशेस.” मी म्हटलं, बाहेर ड्राइव्हवेवरचा बर्फ कोण शोव्हल करतंय मग? कामाची वाटणी आहे आमची.

वाचायला मजा येत होती, कबूल करतो. उमरावाच्या आत्याला मी आमच्या एका मावशीचा आवाज दिला. नाचाच्या मेजवानीचं वर्णन लांबलं की मी ‘मग सगळे नाचले’ असं म्हणून पान उलटायचो, आणि ही डोळे मिटूनच म्हणायची, “एकदम दोन पानं उलटलीत. आवाज आला मला.” शयनगृहातला प्रसंग आला तेव्हा माझी त्रेधा उडाली. मी घसा खाकरून ‘मग सकाळ झाली’ म्हणालो. ती बराच वेळ हसत होती. डोळ्यावर ताण येईल म्हणून मीच तिला गप्प केलं.

पण एक गोष्ट मला टोचायला लागली. त्या पुस्तकात सगळं किती स्वच्छ होतं. तिला छप्पर हवं होतं, त्याला मुलींना आई हवी होती. दोघांनी आपापली सोय आधीच तोंडाने सांगितली. आमचंही लग्न सोयीचंच. मला कॅनडात येऊन दोन हिवाळे झाले होते, रोज रात्री अंडी उकडून खात होतो, आणि आईने पत्रातून धोशा लावला होता. जेमतेम सुट्टी घेऊन पुण्याला गेलो आणि परत येताना लग्न करून आलो. माझी सोय जगजाहीर होती. हिची काय होती? इतक्या वर्षांत मला तो प्रश्नच पडला नव्हता. आता पडला आणि जाईना. कारण मी काही उमराव नव्हतो. हिच्यासाठी त्या महिन्यात आणखीही मुलगे येऊन गेले होते, एक तर बँकेतला होता, पुण्यातच घर असलेला. त्याला सोडून कुणाची मुलगी उठून बर्फात का येईल?

मी तिला होकार का दिला हे मात्र सगळ्या कनाटाला माहीत आहे. दिवाळीला आमच्याकडे मंडळी जमली की मी ते सांगतो. मागून पोरंटोरं माझी नक्कल करतात इतक्या वेळा सांगितलंय. काकांनी स्कूटरवर बसवून मला घरोघर हिंडवलं. दोन दिवसांत बऱ्याच मुली पाहिल्या. सगळीकडे तेच पोहे, तोच चहा, तेच प्रश्न, आणि प्रश्न विचारणार आमच्याकडचे. स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, गाणं येतं का. आणि एका घरी, सगळे गप्प असताना, त्या मुलीनेच मला विचारलं, “तिथे बर्फ पडतो तेव्हा आवाज येतो का?” मी दोन हिवाळे काढले होते. उणे तीसमध्ये बसची वाट पाहिली होती. पण आवाज येतो का ते मी ऐकलं नव्हतं. मी म्हणालो, माहीत नाही. त्या एका प्रश्नावर मी लग्न केलं.

पुढचाही भाग सांगतो मी नेहमी. ही इकडे आली, पहिला बर्फ पडला, आणि मी अपार्टमेंटच्या बाल्कनीचं दार उघडून म्हणालो, ऐक आता. ही कोट न घालता किती तरी वेळ तिथे उभी राहिली. मी विचारलं, येतो का आवाज? तर नुसती हसली. इथे ऐकणारे सगळे ‘वा’ म्हणतात आणि मग जेवायला उठतात.

आणि प्रश्न विचारायची तिची ती सवय तशीच राहिली, हे तर सगळ्यांनी पाहिलेलं. निवडणुकीला दारावर मतं मागायला आलेल्या माणसाला ती अर्धा तास उभं करते. मुलीच्या शाळेत शिक्षक हिला पाहून खुर्ची ओढून बसायचे, कारण लवकर सुटका नाही हे त्यांना कळलं होतं. परवा डोळ्याच्या सर्जनला विचारलं, काढलेल्या जुन्या भिंगाचं तुम्ही काय करता. बिचारा म्हणाला, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी बाजूला उभा होतो आणि मला अभिमान वाटला, जणू हे मीच शोधून काढलं होतं.

तर त्या दिवशी बाहेर बर्फ पडत होता आणि पुस्तकात उमरावाला अखेर कळत होतं की आपण बायकोच्या प्रेमात आहोत. तो तिला म्हणतो, तू लग्नाला हो का म्हणालीस? छप्पर तर तुला तुझ्या मामाकडेही मिळालं असतं. मी पुस्तक मिटलं. म्हटलं, आता विचारायचंच.

“तू हो का म्हणालीस?”

“मी की ती?”

“तू. बँकवाला सोडून.”

ती सोफ्यावर उशीला टेकून बसली होती. “आधी तुमचं सांगा.”

“माझं तर पोरंसुद्धा सांगतात. बर्फाचा प्रश्न.”

“अहो,” ती म्हणाली, “तो प्रश्न मी विचारलाच नव्हता.”

दूध संपलंय म्हणून सांगावं तसं तिने सांगितलं. मला वाटलं गंमत करतेय.

“त्या दिवशी मी काहीच विचारलं नाही,” ती म्हणाली. “पोहे दिले, बसले, आईने खूण केली तशी उठून आत गेले. माझं तोंडच उघडत नव्हतं परक्यापुढे. कॉलेजात प्रेझेंट म्हणतानासुद्धा घाम फुटायचा मला.”

मी वाद घातला. माझ्या कानांनी ऐकलंय म्हणालो. मग मी तिला, आणि स्वतःला, तो सगळा दिवस पहिल्यापासून सांगायला घेतला आणि सांगता सांगता मलाच ती चूक दिसायला लागली. मी एकाही मुलीकडे मान वर करून पाहिलं नव्हतं. तसं बघणं बरं दिसत नाही, असं काकांनी बजावलं होतं आणि मलाही ते सोयीचं होतं. मी बशीकडे बघत होतो. प्रश्न कानावर आला तेव्हाही बशीकडेच बघत होतो. रात्री काकांनी सगळ्या मुलींचे फोटो पत्त्यांसारखे सतरंजीवर मांडले आणि म्हणाले, बोल, कुठली? मी त्यांना प्रश्नाचं बोललो नाही, काकांपुढे असलं काही बोलायची लाज वाटली. मी फोटो बघत गेलो. सगळ्या स्टुडिओत काढलेल्या, पावडर लावलेल्या, एका बाजूला मान केलेल्या. एकच मुलगी सरळ कॅमेऱ्यात बघत होती आणि तिचे डोळे आता काहीतरी विचारणार असे होते. मला खात्रीच पटली, प्रश्न विचारणारी हीच. मी त्या फोटोवर बोट ठेवलं.

“फोटोग्राफर म्हणाला होता, डोळे मिटू नका, रीळ वाया जातं,” बायको म्हणाली. “म्हणून तशी बघत होते.”

मग तिने तो प्रश्न विचारला, जो अख्ख्या कनाटाला प्रश्न विचारणाऱ्या माझ्या बायकोने मला कधी विचारला नव्हता.

“म्हणजे होकार तिला होता?”

उमरावाच्या जागी असतो तर दोन पानं बोललो असतो. “प्रश्न तिचा होता,” मी म्हणालो. “डोळे तुझे होते.” आणि मला फार वाईट वाटलं. इतक्या दिवाळ्यांना, भरल्या घरात, हिच्या देखत मी दुसऱ्याच मुलीचं कौतुक सांगत आलो होतो आणि ही आतून पुऱ्या तळून पाठवत होती.

“मग सांगितलं का नाहीस?”

“पहिल्यांदा ऐकलं ना, ते त्या पहिल्या हिवाळ्यात,” ती म्हणाली. “टोरांटोहून तुमचे मित्र आले होते, त्यांना सांगत होतात. किती कौतुकाने सांगत होतात. मला या देशात कुणी ओळखत नव्हतं. वाटत होतं, तुम्ही तरी ओळखता. तर तुम्हीही दुसरीलाच ओळखत होतात. त्यात तुम्ही बाल्कनीचं दार उघडलंत. तिथे उभी राहून मी कसला बर्फ ऐकतेय. ती मुलगी असती तर आता काय बोलली असती, तेच शोधत होते. सापडलं नाही, म्हणून हसले.”

“मग?”

“मग दुसऱ्या दिवशी बसमध्ये म्हटलं, विचारून तर बघू. ड्रायव्हरला विचारलं, विंटर टायर्स उन्हाळ्यात कुठे ठेवता? तो हसला आणि माझा स्टॉप येईपर्यंत सांगत राहिला. किती बरं वाटलं मला. मग लायब्ररीतल्या बाईला विचारलं. मग शेजारणीला. आधी तुमच्यासाठी विचारत होते, कधीतरी माझ्यासाठी विचारायला लागले. कुठल्या पानावर ते नाही सांगता येणार.”

बर्फ पडतच होता. ड्राइव्हवेवर परत थर बसला होता आणि मला उठावंसं वाटत नव्हतं. मी ज्या बाईच्या प्रेमात होतो ती मी पाहायला गेलेल्या कुठल्याच घरात नव्हती. ती इथे, बसमध्ये, एकटीने तयार झाली होती. हे मला चाळीसेक वर्षांनी, एका लंगड्या उमरावामुळे कळत होतं. मला तिची कमाल वाटली, आणि तसं मी तिला सांगितलंही. ती म्हणाली, चहा गार झाला तुमचा.

“पण माझं उत्तर राहिलं,” मी म्हणालो. “बँकवाला का नको?”

आता ती चक्क लाजली. या वयात, डोळ्यात औषधाचे थेंब घातलेले असताना. “हसू नका. बशीमुळे.”

“कसली बशी?”

“पोह्यांची. तुमचं खाऊन झालं आणि बशी घेऊन तुम्ही उठलात. आई म्हणाली, अहो राहू द्या, तर म्हणालात, मोरी कुठे आहे तेवढं सांगा. मी आतल्या दारातून बघत होते. आमच्याकडे बाबा, काका, भाऊ, कुणी आपली बशी उचललेली मी जन्मात पाहिली नव्हती. म्हटलं, हा माणूस बरा आहे. याच्याबरोबर कुठेही जाता येईल.” ती थांबली. “लग्नानंतर मात्र एकदाही उचलली नाहीत. मला वाटायचं, पुण्यात होतं ते इकडच्या थंडीने गोठलं असेल.”

ती हसली, मीही हसलो, पण माझं लक्ष दुसरीकडेच होतं. त्या दिवसांतलं मी दुसरं काही पाहिलं नसेल, बशा मात्र पाहिल्या होत्या. लिंबाच्या बिया काठावर लावून ठेवलेल्या. आणि प्रत्येक घरी, न चुकता, काचेच्या बांगड्या घातलेला कुणाचा तरी हात यायचा आणि ती बशी उचलून न्यायचा. मी जागचा हललो नव्हतो. परक्याच्या घरात मोरी कुठे आहे असं विचारणारा मी? काकांनी तिथेच डोळे वटारले असते आणि आईने वर्षभर ते ऐकवलं असतं. त्या महिन्यात तिच्या घरी जे मुलगे येऊन गेले त्यातलाच कुणी असणार. बँकवालाही असेल. त्याची बशी माझ्या नावावर लागली आणि तिच्यावर विसंबून ही मुलगी माझ्याबरोबर सातासमुद्रापार आली.

सांगायला हवं होतं. तिने आत्ताच मला खरं सांगितलं होतं, मीही सांगितलं होतं, अटी कशा स्वच्छ झाल्या असत्या. शब्द तोंडात आले होते. ती माझ्याकडे बघत होती, एका नव्या डोळ्याने आणि एका जुन्या, आणि त्या फोटोत होतं तसंच काहीतरी आत्ताही विचारणार अशी. माझी गोष्ट तिने इतकी वर्षं सांभाळली होती. सांभाळता सांभाळता खरी करून दाखवली होती.

मी पुस्तकात खूण घातली. माझा कप घेतला, तिचा घेतला, खाली ठेवलेल्या बशा घेतल्या आणि उठलो. “राहू द्या हो,” ती सवयीने म्हणाली. मी फ्रिजच्या पुढे गेलो. कागदी बशा संपल्यापासूनची दोन दिवसांची भांडी सिंकमध्ये होती. साबण कुठे असतो ते शोधायला थोडा वेळ लागला. मग मी बाह्या वर केल्या, नळ सोडला आणि एकेक बशी घासायला घेतली. मागून ती काहीतरी विचारेल म्हणून मी कान देऊन होतो. एकही प्रश्न आला नाही.